न्यायाची मागणी मांडणारी गोधडी गटाने कशी शिवावी

जुनी लुगडी, धोतरे आणि साड्या यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या घरोघर होत आली असली, तरी ती अंथरण्या-पांघरण्याची वस्तू आहे असेच आपण धरून चालतो. चिली, अमेरिका आणि बिहार येथील लोकांनी, त्यातही मुख्यतः स्त्रियांनी, हेच सुई-दोऱ्याचे काम हुकूमशाही, वंशभेद, एड्सबाबतची सरकारी अनास्था आणि हुंडा यांविरुद्ध उभे केले. त्यांच्या कामाच्या पद्धती बारकाईने पाहिल्या, तर आपल्या गोधडीकडूनही तसे काम करून घेता येते. पुढील मार्गदर्शन पंधरा ते वीस जणींच्या गटासाठी आहे. शिलाई यंत्र असल्यास जोडणी लवकर होते, पण ते नसल्याने काम अडत नाही. सबंध लेखात उदाहरण एकच धरले आहे, ते ऊसतोड कामगार स्त्रियांचे. प्रश्न दुसरा असेल तर चौकोनांवरील वस्तू बदलतील, पद्धत तीच राहील.

प्रश्न लहान करून घेणे

‘स्त्रियांवरील अन्याय’ किंवा ‘समता’ असा विषय घेतला की प्रत्येकीचा चौकोन सारखाच दिसू लागतो: कबुतर, साखळदंड, वळलेली मूठ, न्यायदेवतेचा तराजू. ही चित्रे भिंतीवर रंगवून रंगवून इतकी गुळगुळीत झाली आहेत की पाहणाऱ्याची नजर त्यांच्यावर ठरत नाही. म्हणून प्रश्न इतका लहान करावा की त्याचे उत्तर कोणी द्यायचे हे एका वाक्यात सांगता यावे. ऊसतोडीचेच घ्या. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांमध्ये नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामाला खाडा झाला तर त्याचा दंड लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला की राज्य शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. या एका विषयाच्या पोटातच उचल, खाडा, पिण्याचे पाणी, शौचालय, बाळंतपण, मुलांची शाळा आणि शस्त्रक्रिया असे निदान सात प्रश्न आहेत. गोधडीसाठी त्यांतला एक निवडावा, फार तर एकमेकांत गुंतलेले दोन, आणि मागणी कारखान्याकडे आहे, मुकादमाकडे आहे की शासनाकडे, हे सुई हातात घेण्यापूर्वी ठरवावे.

पहिल्या एक-दोन बैठका केवळ बोलण्यासाठी ठेवाव्यात. वही उघडून समोर बसले की बायका मुलाखत दिल्यासारख्या बोलतात. त्याऐवजी मध्ये जुन्या कपड्यांचा ढीग घालावा आणि तो निवडता निवडता बोलणे होऊ द्यावे. प्रश्न विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. “मावशी, तुमच्यावर काय अन्याय झाला?” असे विचारल्यास एकतर भाषण मिळते किंवा काहीच मिळत नाही. “मावशी, फडावर जाताना लेकराला कुणाजवळ ठेवता? पाणी किती लांबून आणता? पहाटे कोपीतून बाहेर पडता तेव्हा हातात काय काय असतं?” असे विचारले की चौकोनात काय येणार ते आपोआप पुढे येते. या बैठकीतून प्रत्येकीने एक वस्तू, एक जागा आणि एक वेळ एवढेच घेऊन उठावे.

सुई कोणाच्या हातात आणि नाव कोणाचे

ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी गोधडी शिवावी, हा या कामाचा पाया आहे. शहरातील कलावंत, विद्यार्थी किंवा संस्थेचे कार्यकर्ते मदत करू शकतात; रेषा काढून देणे, कापड आणणे, जोडणी करणे ही कामे त्यांनी जरूर करावीत. चौकोनात काय दिसेल आणि काय दिसणार नाही याचा निर्णय मात्र त्यांच्याकडे नसावा. प्रत्यक्षात असे दिसते की रेखाटन चांगले येणारी एक व्यक्ती गटात आली की सगळे चौकोन तिच्या हातचे होऊन जातात. मग गोधडी देखणी होते, पण तिच्यातून वीस जणींऐवजी एकच जण बोलते. अशा व्यक्तीला मधले चौकोन न देता काठाच्या नक्षीचे काम द्यावे, हा साधा उपाय आहे.

मजुरीचा विचार सुरुवातीलाच करावा. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे नवरे आणि मुलगे पकडून नेले गेले किंवा बेपत्ता झाले, त्या सांतियागोच्या गरीब वस्त्यांतील स्त्रिया चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या कार्यशाळांमध्ये कापडी चित्रे शिवू लागल्या. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या चर्चच्या संस्थेने ही चित्रे परदेशात विकली आणि त्या पैशावर अनेक घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. ‘आर्पियेरा’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या चित्रांचे मोल सांगताना त्यांतील निषेधाबद्दल पुष्कळ बोलले जाते आणि या मिळकतीबद्दल कमी. वास्तविक दोन्ही गोष्टी एकाच कामात होत्या. रोजंदारी बुडवून गोधडी शिवायला येणाऱ्या बाईला त्या दिवसाचा रोज मिळत नसेल, तर न्यायाच्या नावाखाली आपण तिच्याकडून फुकट काम करून घेत आहोत. निधी मागताना कापड-दोऱ्याआधी मजुरीची रक्कम लिहावी.

नावांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. चिलीतील बहुतेक चित्रांवर शिवणारीचे नाव नसे, कारण ते धोक्याचे होते. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत तयार झालेल्या गोधडीवरही काही घरांनी पूर्ण नावाऐवजी फक्त पहिले नाव किंवा आद्याक्षरे दिली. आपल्याकडे काही बंधने कायद्याचीच आहेत: लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ची मनाई आहे, बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याची तशीच तरतूद आहे, आणि २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यानुसार एखाद्याची एचआयव्ही-स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. नाव गाळले म्हणजे झाले असेही नाही. गावाचे नाव, घराचा रंग, मुलाचे वय अशा तपशिलांतूनही माणूस ओळखू येतो. म्हणून प्रत्येकीला दोनदा विचारावे, एकदा चौकोन सुरू करताना आणि एकदा तो पूर्ण झाल्यावर. दुसऱ्या वेळी कोणी नकार दिला तर तो चौकोन तिला परत द्यावा आणि त्याच्या जागी कोरे कापड शिवावे. कोऱ्या चौकोनाचाही अर्थ पाहणाऱ्याला लागतो.

कापड

या कामात सर्वांत अधिक वेळ कापड निवडण्यावर द्यावा असे माझे मत आहे, कारण घोषणेला जे साधत नाही ते वापरलेल्या कापडाला साधते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक कृष्णवर्णीय वस्ती आहे. तेथील मिसुरी पेटवे या बाईंनी १९४२ मध्ये नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचे शेतात घालायचे कपडे उसवून त्यांची गोधडी शिवली. विटलेला निळा, मातकट करडा, गुडघ्यावर घासून पांढरा पडलेला भाग आणि ठिगळ काढल्यावर खाली राहिलेला गडद चौकोन एवढेच तिच्यावर आहे; एकही अक्षर नाही. त्याच वस्तीतील लोक १९६० च्या दशकात मतदार म्हणून नाव नोंदवू लागले, तेव्हा त्यांना तालुक्याच्या गावी नेणारी नदीवरची होडी बंद करण्यात आली, काहींना राहत्या घरांतून बाहेर काढले गेले, आणि १९६६ मध्ये परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढून गोधड्या विकायला सुरुवात केली. नागरी हक्कांच्या त्या चळवळीत कमाईचे साधन झालेली गोधडी आणि मिसुरीबाईंनी एकट्याने शिवलेली गोधडी यांच्यामागे कापडाकडे पाहण्याची नजर एकच होती.

म्हणून नवे कापड दुकानातून आणण्यापूर्वी गटातल्या प्रत्येकीला घरातील वापरलेले एक तरी कापड आणायला सांगावे. ऊसतोडीच्या गोधडीत पाचटाने कातरलेली पुरुषी शर्टाची बाही (उसाची पाने अंगाला कापतात म्हणून स्त्रिया साडीवर शर्ट घालतात), डोक्यावर मोळी घेताना वापरलेल्या चुंबळीचे फडके, मुलाची झोळी केलेली साडी, खताच्या पोत्याचा तुकडा, असे काहीही येऊ शकते. डाग पडलेला, विटलेला, शिवलेला भाग कापून टाकू नये. तो चौकोनाच्या मध्यावर यावा.

कापड तपासण्याचे काम नीट करावे. उजेडासमोर धरल्यावर विण विरळ दिसते तेथे टाका टिकत नाही. साडीचा बसताना घासला जाणारा भाग आणि खालचा काठ लवकर विरतो, निऱ्यांमध्ये राहणारा भाग बराच टिकलेला असतो. विरलेले कापड वापरायचेच असेल तर त्याच्या मागे मांजरपाट किंवा मलमल लावून दोन्ही मिळून एकच कापड आहे असे समजून शिवावे. रंग जातो का हे पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड जोराने घासावे. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो असे सर्रास सांगितले जाते, पण त्यावर विसंबू नये. रंग सोडणारे कापड अर्थाच्या दृष्टीने आवश्यकच असेल, तर ही गोधडी कधीही धुवायची नाही असे आधीच ठरवून ते घ्यावे. बाकी सर्व कापड, नवे असो वा जुने, एकदा धुऊन वाळवून मगच कापावे.

सिंथेटिक साड्यांचे काय, हा प्रश्न नेहमी येतो. जाणकार मंडळी सुती कापडाचा आग्रह धरतात आणि पांघरण्याच्या गोधडीसाठी तो बरोबरही आहे. पण आज कष्टकरी बाईच्या अंगावर बहुधा सिंथेटिक साडीच असते, आणि ती वगळून सुंदर सुती लुगड्यांची गोधडी केली तर ती कोणत्या तरी जुन्या काळाबद्दल बोलू लागते. सिंथेटिक कापड घसरते, म्हणून त्यामागे सुती अस्तर लावून चारही बाजूंनी कच्चे टाके घालावेत. इस्त्री मंद ठेवावी आणि कापडावर दुसरे फडके टाकूनच फिरवावी.

चौकोनाचे माप

एड्सच्या गोधडीची कल्पना समलिंगी हक्कांसाठी झटणारे कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांना १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका मेणबत्ती मोर्चात सुचली. मृतांची नावे लिहिलेले कागद एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले असता ते तुकड्यांच्या गोधडीसारखे दिसले. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ती प्रथम अंथरली गेली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आज त्यांची संख्या सुमारे ५०,००० आहे. प्रत्येक तुकडा ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा, आणि असे आठ तुकडे जोडून १२ फुटांचा एक चौरस होतो. हजारो अनोळखी लोकांनी आपापल्या घरी शिवलेले काम एकत्र येऊ शकले ते या ठरलेल्या मापामुळे. तुकड्यावर काय काढायचे याचे स्वातंत्र्य होते, मापाचे नव्हते.

आपल्या गटासाठी १८ इंचांचा तयार चौकोन सोयीचा पडतो. तो मांडीवर घेऊन शिवता येतो आणि घरकाम करता करता बाजूला ठेवता येतो. मूळ कापड मात्र २० इंच कापावे, कारण भरतकामाने कापड आवळते आणि तिरके होते. काम पूर्ण झाल्यावर जाड पुठ्ठ्याचा १९ इंचांचा साचा त्यावर ठेवून छाटावे; चारही बाजूंना अर्धा इंच शिवणीत गेला की १८ इंच उरतात. साचा एकच असावा आणि तो एकाच व्यक्तीकडे असावा. प्रत्येकीने आपापल्या पट्टीने मोजले तर वीस चौकोनांत वीस मापे निघतात. सुरुवातीलाच १८ इंचांची चौकट खडूने आखून द्यावी आणि महत्त्वाचे काही त्या रेषेच्या दीड इंच आतच ठेवायला सांगावे, नाहीतर जोडणीत कोणाचे तरी पाय आणि कोणाचा तरी सूर्य शिवणीखाली जातो.

चित्र शिवणे

चिलीच्या चित्रांकडून चित्रभाषा शिकावी. मागे गोणपाट किंवा पिठाच्या पोत्याचे कापड, वर बहुधा अँडीज पर्वताची रांग, खाली वस्तीतील घरे, आणि त्यांच्यासमोर कापडाच्या चिंध्यांच्या छोट्या बाहुल्या: सामूहिक स्वयंपाकघरातील मोठे पातेले, बंद कारखान्याचे दार, सार्वजनिक नळावरची रांग, पोलिसांची गाडी. रंग भडक आणि आनंदी असतात, त्यामुळे जवळ गेल्यावर विषय कळतो तेव्हा धक्का बसतो. काही चित्रांत ‘ते कुठे आहेत?’ एवढाच प्रश्न कापडावर शिवलेला असतो. बेपत्ता माणसाच्या कपड्याचा तुकडाही कधी कधी त्यात वापरलेला असे.

आपला एक चौकोन या रीतीने उभा करून पाहू. समजा, एका बाईने ‘लेकरू कुणाजवळ?’ हा धागा घेतला आहे. पार्श्वभूमीला गडद निळे किंवा काळपट कापड घ्यावे, कारण वेळ पहाटेची आहे. उसाच्या फडासाठी हिरव्या साडीच्या काठाच्या अर्धा इंच रुंदीच्या उभ्या पट्ट्या दाट लावाव्यात. त्यांच्या वरच्या टोकांना हेम न घालता धागे सुटे ठेवले तर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांचा, भास होतो. फडाच्या कडेला झोळीसाठी मुलाच्या दुपट्याचा खरा तुकडा, दोन्ही टोकांना चुणी घालून, मधला भाग थोडा फुगीर राहील असा टाचावा. आई दाखवायची असेल तर ती पाठमोरी आणि लहान असावी, कारण ती फडात आहे. झोळी मोठी आणि पुढे असावी. रडणारा चेहरा, अश्रू यांची गरज नाही. झोळी आणि आई यांच्यामध्ये जेवढे रिकामे कापड सोडाल, तेवढे चित्र बोलते.

तुकडे कापताना सर्व बाजूंनी पाव इंच जादा ठेवावा, तो आत दुमडून कच्च्या टाक्यांनी धरावा आणि मगच लपते टाके घालून मूळ कापडावर बसवावा. गोलाई असेल तेथे जादा भागाला कात्रीच्या टोकाने लहान चिरा द्याव्यात, म्हणजे कापड फुगत नाही. रेषा उमटवायला हलक्या रंगावर पेन्सिल किंवा पिवळा कार्बन, गडद रंगावर शिंप्याचा खडू अथवा वाळलेल्या साबणाची पातळ चीप वापरावी. बॉलपेन वापरू नये.

भरण्याच्या टाक्यांसाठी बिहारच्या सुजनीकडे पाहावे. मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावात १९८८ पासून ‘अदिती’ या संस्थेच्या साहाय्याने स्त्रियांनी या जुन्या कामाला नवे रूप दिले. बाळासाठी जुन्या साड्यांचे थर शिवून केल्या जाणाऱ्या दुपट्यावर हुंडा, दारू, मुलींचे शिक्षण, निवडणूक असे विषय येऊ लागले. तेथील पद्धत सोपी आहे: आकृतीची कड काळ्या किंवा गडद तपकिरी धाग्याने साखळी टाक्यात, आतला भाग रंगीत धाग्याच्या धावदोऱ्याने, आणि आकृतींमधली मोकळी जागा कापडाच्याच रंगाच्या बारीक धावदोऱ्याने भरायची. आपल्याकडच्या बायकांना धावदोरा उपजतच येतो, म्हणून नवीन शिकवायचा तो फक्त साखळी टाका. सहा पदरी रेशीमधाग्याचे तीन पदर कडेला आणि दोन पदर आतल्या भागाला पुरतात. धागा हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीपेक्षा अधिक घेऊ नये. लांब धागा गुंततो आणि विरतो. पोते शिवायचे दाभण वापरण्याचा मोह टाळावा, त्याने जुन्या कापडाला भोके पडतात.

अक्षरे

देवनागरी अक्षरे कापडात बसवणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. शब्द कमी ठेवावेत. चौकोनात फार तर तीन-चार, आणि संपूर्ण गोधडीवर मोठे वाक्य एकच. दूरवरून वाचायच्या मजकुराची अक्षरे कापडाचे तुकडे कापून निदान तीन इंच उंच करावीत आणि वरच्या वेलांट्या-मात्रांसाठी व खालच्या उकारांसाठी प्रत्येकी दीड इंच जागा सोडावी. आधी शिरोरेघ म्हणून एक सरळ पट्टी किंवा साडीचा बारीक काठ शिवून घ्यावा आणि मग अक्षरे तिला लटकवल्यासारखी एकेक बसवावीत. अक्षरे आधी आणि रेघ नंतर असा क्रम घेतला तर ओळ हमखास वरखाली होते. ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरे कापून बसवण्यापेक्षा साखळी टाक्याने काढावीत. लहान मजकूर, म्हणजे नाव, गाव, साल, उलट्या टिपेने घालावा. बाई जे शब्द बोलली तेच ठेवावेत. ‘उचल’, ‘खाडा’, ‘कोपी’ यांच्या जागी ‘अग्रिम रक्कम’, ‘अनुपस्थिती’, ‘झोपडी’ असे सुधारू नये.

जोडणी

सर्व चौकोन जमिनीवर मांडून, सगळ्या जणींनी उभे राहून पाहून क्रम ठरवावा. गडद चौकोन एका बाजूला गोळा झाले नाहीत ना आणि मागणीचा चौकोन नजरेच्या उंचीवर येतो ना, एवढे तपासले की पुरे. दोन चौकोनांच्या मध्ये दोन इंचांची पट्टी घालावी, ती कापताना तीन इंच कापावी. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात, भिक्षूंचे चीवर (अंगावरचे वस्त्र) तुकडे जोडूनच करावे असा नियम आहे आणि ती मांडणी मगधातील बांधांनी आखलेल्या शेतांसारखी असावी असे बुद्धांनी आपले शिष्य आनंद यांना सांगितल्याची नोंद आहे. आपल्या चौकोनांमधल्या पट्ट्याही बांधासारख्याच असतात, शेजारच्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात आणि धरूनही ठेवतात. पट्ट्या सर्वत्र एकाच रंगाच्या, शक्यतो साध्या असाव्यात.

आडवे चार आणि उभे पाच असे वीस चौकोन, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांसह, ८२ इंच रुंद आणि १०२ इंच उंच होतात. साडेपाच मीटरची एक सुती साडी मधोमध कापून तिचे दोन तुकडे लांबीच्या बाजूने जोडले की या मापाचे अस्तर निघते. टांगायच्या गोधडीत मध्ये एकच थर घालावा. पांघरण्याच्या गोधडीसारखे चार-पाच थर घातले तर वजनाने वरची शिवण ताणते आणि खालचा भाग पोटासारखा लोंबतो. तिन्ही थर सपाट अंथरून मध्यापासून कडांकडे वीतभर अंतराने कच्चे टाके घालावेत. नंतर धावदोरा चित्रांवरून न नेता पट्ट्यांवर आणि आकृतींच्या भोवती घालावा. कडेला अडीच इंच कापलेल्या पट्टीचा गोट लावावा आणि सर्वांत शेवटी कच्चे टाके काढावेत.

अस्तरावर एक कापडी खिसा शिवण्यास विसरू नये. चिलीच्या अनेक चित्रांच्या मागे असा लहान खिसा असे आणि त्यात शिवणारीने आपल्या हाताने लिहिलेली चिठ्ठी असे. आपल्या खिशात मागणीचे निवेदन, गटाची माहिती आणि ज्यांची संमती आहे त्यांची नावे ठेवता येतात. कागद फाटतो, म्हणून गाव, महिना आणि साल एवढे तरी कापडावर टाक्यांनी घालावे.

टांगणे, नेणे आणि जपणे

कोपऱ्यांना कड्या लावून गोधडी टांगू नये. मध्ये झोळ येतो आणि कोपरे फाटतात. अस्तराच्या वरच्या काठाला चार इंचांचा नेफा शिवावा आणि त्यातून बांबू किंवा पडद्याचा पाइप घालावा. मोर्चात न्यायची असेल तर दोन्ही उभ्या कडांनाही नेफे द्यावेत, म्हणजे दोघींना दोन काठ्यांवर ती ताणून धरता येते. एवढी मोठी गोधडी वाऱ्यात धरणे कठीण जाते. खुल्या जागी ती जमिनीवर अंथरून भोवती उभे राहणे बरे. एड्सची गोधडी अशीच अंथरली जाते आणि त्या वेळी मृतांची नावे एकामागून एक मोठ्याने वाचली जातात. आपल्याकडे ग्रामसभेत किंवा धरण्याच्या जागी प्रत्येक चौकोनामागची दोन वाक्ये ती शिवणाऱ्या बाईने स्वतः सांगावीत; जिला बोलायचे नसेल तिच्यासाठी दुसऱ्या कोणी बोलण्याआधी तिची परवानगी घ्यावी.

प्रदर्शनाची माहिती लिहिताना ऐकीव गोष्टींना थारा देऊ नये. अमेरिकेतील गुलामांना पळून जाण्याचे गुप्त मार्ग गोधड्यांवरील नक्षीतून कळवले जात, ही कथा समाजमाध्यमांवर फार लोकप्रिय आहे, पण त्या काळातील पुरावा मिळत नसल्याने बहुतेक इतिहासकार ती मान्य करत नाहीत. आपल्या गोधडीवरील प्रत्येक गोष्ट खरी असताना शेजारच्या फलकावर अशी कथा लावली, तर शंका घेणाऱ्याला आयतेच निमित्त मिळते.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी आणि उघडी लोखंडी पेटी दोन्ही टाळावीत. धुतलेल्या मांजरपाटात, मध्ये जाड कापडी वळकटी घालून, चित्राची बाजू बाहेर ठेवून गोधडी गुंडाळावी. घडीच घालायची असेल तर दर वेळी घडीची जागा बदलावी. कडुनिंबाची वाळलेली पाने कापडी पुरचुंडीत ठेवावीत, कापडाला थेट लागू देऊ नयेत. पावसाळा संपल्यावर सावलीत, वाऱ्यावर एक दिवस पसरावी. थेट उन्हाने जुने रंग उडतात. धूळ झटकण्यापुरतीच स्वच्छता करावी.

गोधडी कोणाच्या मालकीची, हे जोडणीच्या दिवशीच लिहून ठेवावे. संस्थेच्या कपाटात गेलेले काम गटाला पुन्हा पाहायलाही मिळत नाही, असे पुष्कळदा होते. एका वहीत प्रत्येक चौकोनाचा क्रमांक, शिवणारीची इच्छा असल्यास तिचे नाव, कापड कोणाचे होते, फोटो छापायला होकार आहे की नाही, आणि गोधडी विकली गेली तर पैशांची वाटणी कशी होईल, हे नोंदवून सर्वांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत. प्रदर्शनासाठी कोणी गोधडी मागितली तर नेण्याची तारीख, परत आणण्याची तारीख आणि गटातील कोणत्या दोघी सोबत जाणार, त्यांचा प्रवासखर्च व रोज कोण देणार, हेही त्याच वहीत लिहावे. वहीची एक प्रत गटाकडे आणि दुसरी गोधडीसोबत ठेवावी.